उघडी पाठ, पेटता होम आणि पट्टेरी डास : कुळागरातल्या एका मुंजीचे प्रकरण

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावात, कुळागरातल्या घराच्या अंगणात झालेल्या मुंजीची ही हकीकत. घरच्यांनी लिहायला परवानगी दिली, पण नावे नकोत म्हणाले, म्हणून इथे सगळे आपापल्या नात्याने येतात : आबा म्हणजे बटूचे आजोबा, मग त्याचे आईवडील, आत्या, धाकटा काका, भटजी. मी घरोब्यातला. आरोग्य खात्यात बहुउद्देशीय कर्मचारी म्हणून नोकरी झाली, त्यातली बरीच वर्षे लोकांच्या पिंपांत आणि टाक्यांत टॉर्च मारून अळ्या शोधण्यात गेली. त्यामुळे मला मुंजीचे बोलावणे आले ते दोनदा : एकदा अक्षत घेऊन आणि एकदा फोनवर, 'जळारांचं काय करायचं ते सांगायला ये' म्हणून. जळार म्हणजे आमच्याकडे डास.

पार्श्वभूमी

घर जुने, चिऱ्याचे. पुढे अंगण, अंगणात तुळशीवृंदावन, आणि तीन बाजूंनी कुळागर : पोफळी, अधूनमधून माड, पोफळींवर चढवलेल्या मिरवेली, खाली केळी आणि अननस, बांधाकडेला जायफळाची चार झाडे. पूर्वी झरीचे पाणी पाटाने फिरवून शिंपणे व्हायचे. आठेक वर्षांपूर्वी स्प्रिंकलर आले. शिंपणाऱ्या माणसाचे कष्ट वाचले, पण पाटाचे पाणी मुळाशी जात होते आणि हे वरून सगळीकडे पडते. जमिनीवर जे जे उताणे पडलेले असेल ते भरते. या प्रकरणात ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

मुंज मेच्या मध्यावर. बटू आठ वर्षांचा, आईवडिलांबरोबर पुण्यात राहणारा. पाहुणे दोनशेच्या आसपास. कार्य सकाळी सातला सुरू होऊन दुपारची जेवणे, आणि संध्याकाळी देवळापर्यंत वाजतगाजत भिक्षावळ. माटव म्हणजे मांडव अंगणातच घालायचा, वर चुडतांचे, म्हणजे विणलेल्या झावळ्यांचे छप्पर. आबांच्या, त्यांच्या मुलांच्या आणि पुतण्यांच्या मुंजी याच अंगणात झाल्या होत्या.

मुंजीच्या बारा दिवस आधी वळवाची एक दणदणीत सर आली. त्यानंतर चार दिवसांनी फोन आला.

अडचण

कुळागरात डास असतातच, त्यात नवीन काही नाही. पण लग्न आणि मुंज यांत एक मोठा फरक आहे, आणि तो या प्रकरणाच्या मुळाशी आहे. लग्नात माणसे जास्तीत जास्त कपडे घालतात. मुंजीत मुख्य माणसे उघडी असतात. बटूचे क्षौर झालेले, म्हणजे डोकेही उघडे; अंगावर लंगोटी, कमरेला मेखला, खांद्यावर उपरणे. वडील सोवळ्यात, कमरेच्या वर उघडे. भटजी तसेच. ही तिघे पाटावर तासन्तास एका जागी बसणार, हलता येणार नाही, आणि हात मंत्रांत, पळीत नि समिधांत गुंतलेले असणार. चावलेला डास मारायलाही हात मोकळा नाही.

त्यातून हे डास संध्याकाळची वाट पाहणारे नव्हेत. कुळागरातला डास म्हणजे काळ्या अंगावर, पायांवर पांढरे पट्टे आणि पाठीवर मधोमध एकच पांढरी रेघ असलेला एडिस अल्बोपिक्टस. हा दिवसा चावतो. सूर्य वर आल्यावरचे दोन-तीन तास आणि मावळण्याआधीचे दोन-तीन तास त्याची भूक सर्वांत जास्त, पण सावली असली तर मधल्या वेळेलाही तो सुट्टी घेत नाही. माटव म्हणजे अंगणावर घातलेली सावलीच. सकाळी मुंज आणि संध्याकाळी भिक्षावळ. मुहूर्त काढणाऱ्याने जणू डासाला विचारूनच वेळा ठरवल्या होत्या.

हा डास डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवू शकतो. म्हणून प्रश्न नुसत्या खाजेचा नव्हता, जरी घरातल्या सगळ्यांना काळजी खाजेचीच होती. बटूच्या आईला आणखी दोन काळज्या होत्या : तिच्या बहिणीचे दीड महिन्याचे बाळ आणि सात महिन्यांची गरोदर नणंद.

पाहणीत काय दिसले

मी आठ दिवस आधी सकाळी साडेसातला गेलो. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून वृंदावनापाशी दहा मिनिटे बसलो आणि पायावर उतरणारे डास मोजले. अकरा. मग पोफळीत, घरापासून वीस पावलांवर, तसाच बसलो. तेवीस. ही काही शास्त्रशुद्ध मोजणी नव्हे, पण तोच माणूस, तीच वेळ आणि तीच जागा ठेवली तर आधी-नंतरची तुलना करता येते.

आबा म्हणाले, "महिन्यापूर्वी सगळं साफ करून घेतलंय. एक थेंब पाणी नाही कुठं."

थेंब होते. गळून पडलेली पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचे रुंद आवरण, होडीसारखी वळते आणि त्यात पेलाभर पाणी सहज राहते. घराजवळच्या तीन ओळींतच अशा तीसेक विऱ्या उताण्या होत्या. शेकरूने पोखरून टाकलेले नारळ, सोललेल्या नारळांच्या करवंट्या, गोठ्यामागची दगडी दोण, अननसाच्या पानांच्या बेचक्या. विरीतले पाणी पांढऱ्या ताटलीत ओतले तेव्हा वळवळणाऱ्या अळ्या आबांना चष्मा न लावता दिसल्या.

महिन्यापूर्वीची सफाई खोटी नव्हती. पण एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटवते. ती अंडी कोरडी पडून महिनोन्महिने टिकतात. पाणी ओतून दिले तरी अंडी भांड्यातच राहतात, आणि वळीव आला, पाणी त्यांच्यापर्यंत चढले की फुटतात. मेच्या उकाड्यात अंड्यापासून उडत्या डासापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. त्या सरीला चारच दिवस झाले होते. स्प्रिंकलरच्या कृपेने आधीची पिढीही उडतच होती. म्हणजे जे डास मुंजीला येणार होते त्यांतले काही आधीच हजर होते, आणि काही अजून विरीत पोहत होते. दुसऱ्यांना थांबवणे हातात होते.

या डासाचा एक उपकारही सांगायला हवा : तो फार लांब उडत नाही. शंभर-दोनशे मीटरच्या आत जन्मतो, तिथेच चावतो, तिथेच मरतो. शेजाऱ्याच्या नावाने बोटे मोडायची सोय नाही, आणि सगळे गाव साफ करायची गरजही नाही.

पर्याय

पहिला पर्याय बटूच्या वडिलांचा : फोंड्यात वातानुकूलित हॉल घ्यायचा. डासांच्या बाजूने पाहिले तर याला तोड नव्हती, आणि मी तसे सांगितलेही. आबांनी फक्त "बघा तुम्ही" म्हटले आणि उठून गेले. त्या घरात "बघा तुम्ही" म्हणजे नाही. तो विषय तिथेच संपला.

दुसरा धाकट्या काकाचा : आदल्या दिवशी फॉगिंग. मी विरोध केला. फॉगिंगचा धूर त्या क्षणी उडत असलेल्या डासाला लागला तरच तो मरतो; अळ्यांना काही होत नाही, पानामागे बसलेले बरेचसे वाचतात, आणि धूर विरला की मागे काही उरत नाही. डेंग्यूची साथ भडकते तेव्हा त्याचा उपयोग वेगळा. शिवाय आबांनी गोठ्याच्या भिंतीपाशी मधमाश्यांच्या दोन पेट्या ठेवल्या आहेत. कीटकनाशकाला माशी आणि डास यांतला फरक कळत नाही. काका मान हलवून ऐकत होता. ती मान होकाराची आहे असे मी धरून चाललो.

तिसरा आत्याचा : गोठ्यात करतात तशी नारळाच्या सोडणांची धुरी, त्यात कडुनिंबाचा पाला. धुराने डास कमी होतात हे खरे, पण माणसे धुरात बसली तरच. दीड महिन्याच्या बाळाच्या आणि एका दमेकरी काकांच्या घरात दिवसभर धुरी नको, असे ठरले. डासांच्या कॉइलबद्दलही तेच. होमाचा धूर असणारच होता, त्यात भर नको.

आत्या सत्तरी तालुक्यात दिलेली. तिने येताना एक बाटली आणली होती, माकडतापाच्या (गोचिडींमुळे होणाऱ्या तापाच्या) वर्षांत काजूच्या बागेत जाणाऱ्यांना अंगाला लावायला मिळालेल्या तेलाची. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाने माणसे दगावली आणि गोचिडींपासून जपणे तिथल्या लोकांच्या अंगवळणी पडले. बाटलीवरचे लेबल पुसलेले, तारीख दिसेना. तेल चांगले असेलही, पण आत काय आणि किती टक्के आहे हे माहीत नसलेली गोष्ट आठ वर्षांच्या मुलाच्या अंगाला लावायची नाही. आत्या थोडी रुसली.

कोणीतरी मोबाइलमधून आवाज काढून डास पळवण्याचे सुचवले. त्याने डास पळत नाहीत. मनगटावर बांधायच्या सुवासिक पट्ट्यांचेही तसेच. फार तर मनगट वाचते.

उरले चार मार्ग, आणि ते चारही एकत्र वापरायचे होते : पाणी ओतणे, वारा, कापड, आणि अंगाला लावायचे मलम.

शेवटच्यावरच खरी चर्चा झाली. औषधाच्या दुकानात जी डासांची क्रीम सर्रास मिळते तिच्यात १२ टक्के डायइथिल बेंझामाइड असते. डीट हे डास पळवणारे दुसरे रसायन असलेले स्प्रेही मिळतात. डीट १९४६ साली अमेरिकी सैन्यासाठी शोधले गेले आणि आजही तोलामोलाचे मानले जाते. टक्केवारीबद्दल एक गैरसमज घरोघरी आहे : जास्त टक्के म्हणजे डास जास्त लांब पळतो असे नव्हे, परिणाम जास्त वेळ टिकतो. दहा टक्के डीट साधारण दोन तास, तीस टक्के पाचेक तास. मुलांना तीस टक्क्यांच्या वर नको आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला अजिबात नको. लिंबाचा वास असलेल्या निलगिरीचा अर्क तीन वर्षांखालच्यांना लावत नाहीत. सिट्रोनेला वासाला छान, पण तासाभरात उडून जाते.

स्प्रे मात्र मी आधीच बाजूला ठेवला. स्प्रेत मद्यार्क आणि पेट घेणारा वायू असतो, आणि आपल्याकडे पेटता होम होता. त्याचे दुसरे कारण भटजींनी दिले, ते पुढे येते.

काय केले

आठ दिवसांपैकी पहिले दोन विऱ्यांत गेले. दोन गडी आणि मी. तीन ओळींतल्या सगळ्या विऱ्या, करवंट्या, पोखरलेले नारळ गोळा करून लांब नेऊन जाळले. ओतून उताणे ठेवणे पुरत नाही, कारण अंडी तिथेच राहतात. दोण ओतली आणि काथ्याने आतून खसखसून घासली, ती या चिकटलेल्या अंड्यांसाठीच. अननसाच्या बेचक्यांतले पाणी काढत बसणे अशक्य. अंगणालगतची दहा-बारा रोपे आबांनी उपटू दिली, बाकीची राहिली.

मग स्प्रिंकलर. घराजवळच्या तीन ओळींचे स्प्रिंकलर मुंजीपर्यंत बंद ठेवा, असे मी म्हणालो. आबांनी पहिल्यांदाच आवाज चढवला. मेमध्ये पोफळीचे पाणी तोडले तर झाड होरपळते, फलधारणेला मार बसतो; ते म्हणत होते ते चूक नव्हते. शेवटी ठरले की त्या तीन ओळींना पाइपने थेट बुंध्याशी पाणी द्यायचे. एका गड्याचे रोज दोन तास त्यात गेले. पूर्वी पाटाने जे आपोआप व्हायचे ते आता मजुरी देऊन करून घेतले, असे आबाच हसत म्हणाले.

भटजींकडे मी स्वतः गेलो. या सबंध प्रकरणात मला ज्या भेटीची धास्ती होती ती हीच, आणि तीच सर्वांत सोपी निघाली. मी विचारले, "सोवळ्यात अंगाला क्रीम चालेल का?" त्यांनी उलट विचारले, "त्यात दारू आहे?" स्प्रेत असते, क्रीममध्ये नसते, म्हटले. मग म्हणाले, "तेल लावून कोणी ओवळा होत नाही. स्नानानंतर लावा, तळहाताला लावू नका, आचमन करायचं असतं. माझ्या अंगाला मात्र नको, मला धूर पुरे." तळहात वर्ज्य हे त्यांनी धर्माच्या बाजूने सांगितले, मी आरोग्याच्या बाजूने तेच सांगायला गेलो होतो, कारण मुले तळहात तोंडाला आणि डोळ्यांना लावतात.

'स्नानानंतर' हा शब्द मोलाचा होता. बटूच्या आईने सकाळी उठल्याउठल्या मुलाला क्रीम चोपडायचे ठरवले होते. पण मातृभोजन, क्षौर आणि मग स्नान असा क्रम. आधी लावलेले सगळे न्हाणीत वाहून गेले असते. आम्ही कागदावर मुंजीचा क्रम लिहिला आणि प्रत्येक टप्प्यापुढे कोणाचे कोणते अंग किती वेळ उघडे राहणार ते मांडले. डोक्याला क्रीम नको, कारण वस्तरा नुकताच फिरलेला, बारीक ओरखडे असणार आणि तिथे झोंबणार. मग डोक्याचे काय? भटजींनीच सुचवले : उत्तरीय तर हवेच, मग बोटभर रुंदीचे कशाला, चांगले रुंद सुती घ्या, होम सुरू होईपर्यंत डोक्यावरून पाठीवर सोडा. कापड सैल असेल तर काम करते. घामाने पाठीला चिकटलेल्या पातळ कापडातून डास सहज सोंड घालतो.

वाऱ्यासाठी सहा उभे पंखे. डास फार कमजोर उडणारा प्राणी; पंख्याच्या झोतात त्याला नेम धरता येत नाही, शिवाय आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि घामाचा वास, ज्याच्या मागावर तो येतो, तो वाऱ्याने पांगतो. हा पट्टेरी डास पायांना जास्त चावतो, म्हणून पंखे तोंडावर नव्हे, खाली, गुडघ्याच्या उंचीला लावायचे. माटववाल्याला हे तीनदा सांगावे लागले, कारण त्याच्या हिशेबी पंखा म्हणजे उकाड्यासाठी.

बाळाला जाळीच्या पाळण्यात, आतल्या खोलीत. गरोदर नणंदेने तिच्या डॉक्टरांना विचारून क्रीम लावायचे ठरवले. डॉक्टरांची हरकत नव्हती.

दोन दिवस आधी सकाळी साडेसातला वृंदावनापाशी परत बसलो. पाच डास.

मुंजीचा दिवस

आदल्या संध्याकाळी मी घरी गेल्यावर काकाने फॉगिंगवाला आणला. मला सकाळी वासावरून कळले. केळीची पाने आणि पत्रावळी मागच्या पडवीत रचून ठेवल्या होत्या, त्यांना डिझेलचा वास मारत होता. वरची पाने फेकली, उरलेली पुसून घेतली. मधमाश्यांच्या पेट्यांपुढे बऱ्याच माश्या मरून पडलेल्या. साडेसहाला वृंदावनापाशी बसलो : चार. एका डासाचा फरक, आणि तोही फॉगिंगचा की योगायोगाचा, कोण सांगणार. आबा पेट्यांकडे जाऊन उभे राहिले आणि काकाशी दिवसभर बोलले नाहीत.

सुरुवात चांगली झाली. मातृभोजन पंख्याच्या वाऱ्यात, क्षौर पंख्याच्या वाऱ्यात. स्नानानंतर आईने बटूच्या पाठीला, पोटाला, हातांना, मांड्यांपासून घोट्यांपर्यंत क्रीम लावली. मंगलाष्टकांपर्यंत मी त्याच्या अंगावर एकही डास बसलेला पाहिला नाही. मुलगा खुशीत होता, उपरण्याची पगडी करून चुलतभावंडांना दाखवत होता.

होमाला घोळ झाला. अग्नी पेटवताना दोन पंख्यांच्या झोताने निखारे आणि राख उडायला लागली. भटजींनी हात वर केला, माटववाल्याने पटकन बटण बंद केले; दोन नव्हे, सहाही. सगळे एका तारेवर होते. धूर सरळ वर जाऊ लागला, भटजी समाधानाने मंत्र म्हणू लागले, आणि पंखे परत लावायचे कोणाच्याही ध्यानात आले नाही. मी तेव्हा मागे एका पाहुण्याला वाट दाखवत होतो. परत आलो तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता. घामाने उपरणे मुलाच्या पाठीला चिकटले होते, मानेवर आणि कानांमागे, जिथे क्रीम नव्हती तिथे, तीन लाल गांधी. वडिलांनी तर क्रीम फक्त हातांना लावली होती, "मला काय होतंय" म्हणून. त्यांच्या पाठीवर सातआठ. होमापुढे बसलेल्या भटजींना एकही नाही. धूर पुरे म्हणाले होते, पुरला.

मग दुपारी वीज गेली. मेमध्ये वीज जाणार नाही असे धरून गोव्यात कोणी कार्य ठरवू नये. पंचवीस मिनिटे. त्या वेळी पंगती बसल्या होत्या. ज्यांनी घोट्यांना क्रीम लावली होती ते जेवले, बाकीचे एका पायाने दुसरा पाय खाजवत जेवले. नंतर क्रीमच्या दोन ट्यूब पाच मिनिटांत संपल्या.

एक बारीकसा अपघात : पुण्याच्या एका मावशीने पर्समधला स्वतःचा डीटचा स्प्रे वापरला. तो माटवाबाहेर, होमापासून लांब, म्हणून मी बोललो नाही. तिच्या घड्याळाची प्लॅस्टिकची काच धुरकटली. डीट काही प्लॅस्टिक आणि रेयॉनसारखी कापडे खराब करते. सुताला काही करत नाही. हे मला माहीत होते, सांगायचे राहिले.

भिक्षावळ साडेपाचला निघायची होती. क्रमाच्या कागदावर 'पाच वाजता सगळ्यांना परत क्रीम' असे मीच लिहिले होते. कोणी लावायची ते लिहिले नव्हते. आईला वाटले आत्याने लावली, आत्याला वाटले आईने. मुलगा दुपारी झोपून उठला, तोंड-हातपाय धुतले, कपडे चढवले आणि निघाला. नशिबाने संध्याकाळी तो नखशिखांत कपड्यांत होता. कुळागराच्या कडेने देवळापर्यंत तीनशे-साडेतीनशे पावले. अनवाणी पायांच्या घोट्यांना तेवढे चावे बसले.

परिणाम

पाहुण्यांच्या दृष्टीने मुंज उत्तम झाली. डासांबद्दल कोणी बोललेच नाही, आणि अशा कामात तेवढीच शाबासकी मिळते.

पण रात्री भांडी आवरताना मी मागच्या बाजूला गेलो, तेव्हा कळले की आमच्या कागदावर निम्मी माणसेच नव्हती. मागच्या परसात मोरीपाशी आचारी पहाटे चारपासून उघड्या अंगाने चुलीपुढे घामाघूम, आणि भांडी घासायला वाड्यावरच्या चार बायका, साड्या गुडघ्यापर्यंत खोचून, पाय पाण्यात. कुळागराला सर्वांत जवळची जागा तीच. सहा पंख्यांपैकी एकही तिथे नव्हता, क्रीमही कोणी नेली नव्हती. एकीने पाय दाखवले. मोजण्यात अर्थ नव्हता. मी विचारले, सांगितले का नाही? ती म्हणाली, "आमकां कोणेंच विचारलें ना."

नऊ दिवसांनी तिला ताप आला. डेंग्यूचा ताप चावल्यानंतर साधारण चार ते दहा दिवसांत येतो, म्हणून मी तिला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात नेले. डेंग्यू आणि मलेरिया, दोन्ही तपासण्या निगेटिव्ह आल्या. चार दिवसांत ती बरी झाली, पण चार दिवसांची मजुरी बुडाली. ती आबांनी दिली, मी सांगायच्या आधी. पाहुण्यांपैकी कोणाला ताप आल्याचे कळले नाही.

मधमाश्यांची एक पेटी सावरली, दुसरी पावसाळ्याआधीच रिकामी झाली.

काय वेगळे करता आले असते

पंखे दोन तारांवर हवे होते. होमाजवळचे दोन बंद करता आले असते आणि बाकीचे चार फिरत राहिले असते. त्याहून बरे म्हणजे होमाजवळचे पंखे बटूच्या मागे, जमिनीलगत, होमाला आडवे लावायचे, म्हणजे झोत पाठीवरून जातो आणि अग्नीपर्यंत पोचत नाही. हे एकदा आदल्या दिवशी समई पेटवून तपासले असते तर पाच मिनिटांत कळले असते. ही चूक माझी. माटववाला उकाड्याच्या हिशेबाने वागला, आणि तो त्याच हिशेबाने वागणार हे मला माहीत होते.

मानेला आणि कानांमागे क्रीम लावायला हरकत नव्हती. ओरखडे टाळूवर होते. 'डोक्याला नको' म्हणताना मी रेघ कुठे ओढायची ते सांगितले नाही, म्हणून आईने खांद्यांच्या वरच्या भागाला काहीच लावले नाही.

काकाला नुसता विरोध करून मी मोकळा झालो, तेही चुकले. त्याला काहीतरी करायचे होते, पुतण्याच्या मुंजीत त्याचा काही हातभार हवा होता. त्याला पंखे दिले असते, पाच वाजताची क्रीम दिली असती, तर कदाचित फॉगिंगवाल्याचा नंबर त्याने फिरवला नसता. आबांना मी हे बोलून दाखवले. ते म्हणाले, "त्याला विऱ्या वेचायला लावायला हव्या होत्या."

आणि परस. मी बारा वर्षे घरोघर फिरलो तेव्हा पहिली मागची मोरी पाहायचो, कारण अळ्या तिथेच असतात. पाहुणा म्हणून गेलो आणि पुढच्या अंगणात बसून राहिलो. कोणाचे अंग उघडे आहे याची यादी करताना मी निमंत्रणाची यादी समोर धरली होती. मागच्या बाजूला एक पंखा, क्रीमच्या दोन ट्यूब आणि 'लावा गो बायांनो' म्हणणारे एक माणूस, एवढेच लागले असते.

माटव लगेच मोडायचा होता, पण माणसे मिळाली नाहीत आणि तो जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तसाच उभा राहिला. तोवर पाऊस सुरू झाला होता. मी सहज म्हणून गेलो, आबांनी शिडी धरली, वर चढून बांबूंच्या कापलेल्या टोकांत टॉर्च मारला. चोवीस बांबू. एकोणीस टोकांत पाणी होते, आणि त्यातल्या अकरांत अळ्या.